गाडीतली पाचवी जागा

॥ श्री ॥

वॉटफर्ड, ९ मार्च २०२५

श्रीमती सुचेताताई विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. कस्तुरीनं आपल्या दोघींना त्या ‘ॲमस्टरडॅम प्लॅन’ नावाच्या ग्रुपवर घातल्यापासून मी तिथे काही लिहायला धजत नाही. नुसता अंगठा पाठवला तरी नकुल त्याचा अर्थ विचारायला येतो. फोनवर आपण दोघी इतकं गोड बोलतो की कामाचं बोलणं राहूनच जातं. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा मानपानाच्या याद्या आपण पत्रांनीच पक्क्या केल्या होत्या, म्हणून आताही कागद काढला.

तर तुमच्या लेकीनं आणि माझ्या लेकानं मेमधल्या हाफ टर्मच्या सुट्टीत पोरांना घेऊन ॲमस्टरडॅमला जायचं ठरवलंय, हे तुम्हाला कळलं असेलच. विमानाची तिकिटं आणि कालव्याकाठचं हॉटेल यांचे आकडे बघून नकुल लॅपटॉप मिटून फ्रिज उघडून उभा राहिला. त्याचे बाबा असेच करतात. मग नवी योजना निघाली. आपली गाडी घ्यायची, हॅरिचहून बोटीत चढवायची, पलीकडे गावाबाहेरच्या कॅम्पसाइटवर कॅरव्हॅन भाड्यानं घ्यायची आणि तिथून ट्रेननं शहरात जायचं. जेवण घरून. दुधातुपाचं काही तिकडे न्यायचं नाही म्हणतो, म्हणजे माझे लाडू बाद. तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील. आणि कालवे बघायचे ते पुलावर उभं राहून, कारण कालव्यातल्या सहलीच्या बोटी महाग. एवढं शहर पाण्यात बांधलं बिचाऱ्यांनी, आणि आमचा मुलगा ते कोरड्या पायांनी बघणार.

आता मुद्दा. गाडीत जागा पाच. ते दोघं, मायरा आणि वीर धरून उरते एक. त्या दोघांना एखादं म्युझियम निवांत बघायचं तर वीरला सांभाळायला एक आजी हवी. कुठली, ते तुम्ही दोघी ठरवा म्हणून दोघं मोकळे झाले. आमच्या यांचा प्रश्नच नाही. गुडघा आहे आणि टीव्हीवर क्रिकेट आहे.

मी नकुलला तिथल्या तिथे सांगून टाकलं की सुचेताताईंना न्या. माझं काय, मी रोजचीच. सकाळी शाळेत सोडा, दुपारी आणा, मोजे शोधा, उवांची फणी फिरवा, ब्रोकोलीवरून भांडा. तुम्ही येता तेव्हा मायराला चमकीचे बूट मिळतात, वेल्श केक मिळतात, झोपायची वेळ कुणी बघत नाही. तुम्ही गेलात की तीन दिवस माझ्या हातची भाजी तिला कडू लागते. यात तुमचा दोष नाही हो. सुट्टी ती सुट्टीच, आणि सोमवार तो सोमवार. एकदा तरी आपण कुणाची सुट्टी व्हावं असं माझ्याही मनात येतं, पण मनात काय, हजार गोष्टी येतात.

तेव्हा तुम्हीच जा. तुमचा विचार कळवा. आहे तेवढा लोभ जपून ठेवावा, ही विनंती.

आपली,
रेखा


कार्डिफ, १६ मार्च

सौ. रेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

मुलीची आई म्हणून साष्टांग. कंबर दुखते, म्हणून मनातल्या मनात.

पत्र मिळालं. पाकिटावर सेकंड क्लासचं तिकीट होतं. जावईबापूंनी काटकसर फक्त वडिलांकडून घेतलेली नाही, असं दिसतं.

कस्तुरीचा मलाही फोन आला होता. मीही तेच म्हटलं, की छे, मला कशाला, वरमाईंचा मान पहिला. मी इथे एकटी बरी आहे. कस्तुरीचे बाबा गेल्यापासून एकटं राहायची चांगली सवय झाली आहे. हॉस्पिटलच्या फार्मसीत तीस वर्षं मी लोकांना गोळ्या मोजून दिल्या, आता नात मोजून मिळते. नाताळ, ईस्टर, उन्हाळ्यातला एक आठवडा. जेवणानंतर.

तुम्ही उवांच्या फणीची तक्रार करता. रेखाताई, ती फणी मला द्या. मी तुमच्याकडे येते तेव्हा मायराला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून माझ्यापुढे उभी करतात. मी तिला कधी शेंबडी पाहिलेली नाही. ती माझ्याशी कधी भांडलेली नाही. मी दिलेल्या प्रत्येक वस्तूला ती थँक यू म्हणते. तुम्हाला म्हणते का? म्हणत नसणार. मला त्याचाच हेवा वाटतो, आणि तो पत्रात लिहायला मला लाज वाटत नाही.

तिनं शाळेत कुटुंबाचं झाड काढलं होतं, त्याचा फोटो तुम्हीच मोठ्या कौतुकानं पाठवलात. खोडाला टेकून तुम्ही, हातात तिची शाळेची बॅग, खाली लिहिलंय ‘आजी’. मी उजव्या कोपऱ्यात, फांदीसुद्धा नाही, शेजारी एक ट्रेन आणि खाली ‘कार्डिफ आजी’. तुम्हाला गाव लागत नाही, मला लागतं. ट्रेन मात्र फार छान काढली आहे.

असो. तुम्हीच जा. तरीही तुम्ही फारच म्हणालात तर मी मोडता घालणार नाही. सहज म्हणून पासपोर्ट काढून पाहिला, चालू आहे. पावसाचे बूटही घेतले, पण ते असेही घ्यायचेच होते.

श्री. विनयरावांना नमस्कार. चि. मायरा व चि. वीर यांना अ. आ. लोभाचा डोस कमी करू नये.

आपली,
सुचेता


वॉटफर्ड, २ एप्रिल

श्रीमती सुचेताताई यांस,
स. न. वि. वि.

नवे बूट लखलाभ. माझा पासपोर्टही चालू आहे बरं का, कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

रविवारी इथला मदर्स डे झाला. नकुलनं मला गार्डन सेंटरच्या कॅफेत नेलं. दोघांत मिळून एक क्रीम टी मागवला, कारण एकाबरोबर दोन स्कोन येतात. तिथे त्यानं दुसऱ्यांदा विषय काढला. आई, तुला खरंच नाही का यायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही रे बाबा, सुचेताताई जातील, त्या तिकडे एकट्या असतात. त्यानं मान हलवली आणि माझ्या स्कोनवरचा जॅम संपवला.

तुम्हाला सांगायला नको, पण सांगते. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे आपल्याकडे हावरटपणा. दुसऱ्या वेळी नको म्हणायचं, ते समोरच्याला आग्रहाची संधी मिळावी म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की जरा पदर सावरून, बरं, एवढं म्हणताच आहात तर, असं म्हणायचं. आमच्या आईनं पंगतीत जिलबी अशीच खाल्ली आणि मीही आयुष्यभर अशीच खाल्ली. आता तिसऱ्यांदा कुणाला विचारतात ते बघू. तुम्हाला विचारलं तर मला आनंदच होईल. म्हणजे व्हायला हवा.

बोट लागू नये म्हणून गोळ्या आणून ठेवल्या आहेत, जाईल तिच्या उपयोगी पडतील. डच भाषेत धन्यवाद कसं म्हणतात ते मायरानं मला शिकवलं. तिनं कार्डिफ आजीलाही शिकवायचं ठरवलंय म्हणे. मी म्हटलं, शिकव हो, पण आधी माझं पक्कं होऊ दे.

तुम्हीच जा, असं मी परत एकदा म्हणते. आता तुम्ही म्हणा. लोभ करावा, घाई करू नये.

आपली,
रेखा


कार्डिफ, २२ एप्रिल

सौ. रेखाताई यांस,
नमस्कार. आज वि. वि. नाही, विनंतीच्या मनःस्थितीत मी नाही.

तुम्हाला ठाऊक होतं का? काल कस्तुरीनं फोन केला. बोटीची तिकिटं काढली, कॅरव्हॅन ठरली, आणि गाडीतली पाचवी जागा तुमच्या शेजारच्या जीनबाईंना दिली. मला वाटलं फोन खराब आहे. दोनदा सांगायला लावलं. कस्तुरी म्हणाली, तुम्ही दोघी नको म्हणालात, दोघींना दोन-दोनदा विचारलं, मग कुंपणावरून जीनला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. पुढे म्हणे, सक्ती करणं त्यांना बरं वाटेना, आमच्या निर्णयाचा मान ठेवला.

मान! ज्या मुलीला मी नको नको म्हणत असताना ताटात पोळी वाढायला शिकवलं, ती मला माझ्या निर्णयाचा मान सांगते. छान झालं म्हटलं, जीनला शुभेच्छा सांग म्हटलं, आणि फोन ठेवून ते नवे बूट कपाटात इतक्या जोरात टाकले की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार वाजवून मी पडले का विचारलं.

दीड महिना मी मनात मांडे खात होते. मायरा पुलावर उभी आहे, मी तिचा हात धरला आहे, तिचं नाक गळतंय आणि पुसायला माझ्याशिवाय कुणी नाही. एवढंच. मला म्युझियम नको होतं, ट्यूलिप नको होते. पाच दिवस मला तिची पाहुणी व्हायचं नव्हतं.

हे सगळं तुमच्या कुंपणापाशी घडलं, रेखाताई. तुमच्या नाकासमोर. आणि तुमच्या त्या तीनदा विचारण्याच्या शास्त्रानं आपण दोघी बुडालो. दोघींचं भांडण आणि तिसरीचा लाभ, दुसरं काय.

लोभाविषयी पुढच्या पत्रात.

सुचेता


वॉटफर्ड, २७ एप्रिल

श्रीमती सुचेताताई यांस,
स. न. वि. वि.

माझ्यावर ओरडून मोकळं वाटलं असेल तर बरं झालं. मी कुणावर ओरडू? आमच्या यांना सांगितलं तर म्हणाले, तूच नको म्हणालीस ना. चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून या माणसाला एवढंच कळलं.

आणि शास्त्र माझं एकटीचं का हो? वरमाईंचा मान पहिला, मोडता घालणार नाही, हे मी लिहिलं होतं का? तुम्हीही पाटावर बसून जिलबीची वाटच बघत होतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जीनबाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. त्या शाळेत डिनर लेडी होत्या, दुपारी पोरांना जेवण वाढायच्या, पोरं त्यांना बिलगतात. परवा पावसासाठी घेतलेला नवा ॲनोरॅक दाखवायला आल्या. मी रीत म्हणून लाडू पुढे केला. एकदा. त्यांनी घेतला, खाल्ला, छान झालाय म्हणाल्या आणि दुसरा मागून घेतला. मी डबा हातात धरून बघत राहिले. किती सरळ बाई! हवं तर हो, नको तर नको. मला इतका राग आला की मी त्यांना चार लाडू बांधून दिले.

जाताना त्यांनी मला डच धन्यवाद म्हणून दाखवलं. मायरानं शिकवलं. माझ्यापेक्षा छान म्हणतात.

आता खरं सांगते. तुम्ही गेला असतात तरी मी जळले असते. तुमच्यावर मी मायरा जन्मल्यापासून जळते आहे. हॉस्पिटलात तिनं डोळे उघडले तेव्हा तुम्ही तिला घेतलं होतंत आणि मी चहा आणायला गेले होते. पण तुमच्यावर जळण्यात निदान एक नातं होतं. त्या जीनबाईंवर कुठल्या नात्यानं जळू?

या पत्राला फर्स्ट क्लासचं तिकीट लावलं आहे, लक्षात घ्यावं. लोभ वाढवायला हरकत नाही.

आपली,
रेखा


कार्डिफ, २ मे

रेखाताई,
स. न. वि. वि.

चहा आणायला गेलात, ते मी विसरले होते. तुम्ही परत आलात तेव्हा मी तिला तुमच्याकडे द्यायला उशीर केला. तो चहा थंड होईपर्यंत. जाणूनबुजून केला.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जीनबाईंना लाडू दिलेत ते वाचून हसले आणि मग मलाही राग आला. तुमच्या हातचा लाडू मला मिळून वर्ष झालं. मी पुढच्या वेळी पहिल्यांदाच घेईन.

लोभ आहेच.

सुचेता


वॉटफर्ड, १३ मे

श्रीमती सुचेताताई यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच फोन उचला.

जीनबाईंच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात ठेवलंय, त्या काल नॉरिचला गेल्या. मुलीचं सगळं नीट होवो, मी त्यांना पुऱ्या बांधून दिल्या. म्हणजे पाचवी जागा रिकामी झाली.

काल रात्री जेवताना नकुलनं मला विचारलं, आई, तू येतेस का? त्याचं बोलणं संपायच्या आत माझं हो तोंडात आलं होतं. शपथेवर सांगते, जिभेवर होतं. तेवढ्यात मायरा मध्येच बोलली. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, शब्द कुठलाही कुठेही बसवते. पण म्हणणं स्पष्ट होतं. आजी आली तर बरं, कारण कार्डिफ आजी गेस्ट आहे, तिच्यासमोर नीट वागावं लागतं आणि मग हॉलिडेसारखं वाटत नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दहा वर्षांत इतका झाला नव्हता. एक पोळी जास्त गेली. यांच्याकडे बघून मी हसलेही. जिंकले मी, विहीणबाई. तुमचे चमकीचे बूट आणि वेल्श केक सगळे हरले, सोमवार जिंकला.

मग भांडी धुताना तुमचं ते वाक्य आठवलं, पाच दिवस पाहुणी व्हायचं नव्हतं, ते. आणि ती जास्तीची पोळी छातीशी अडकून बसली ती खाली जाईना. तिला तुम्ही पाहुण्या वाटता, आणि आता मी गेले तर जन्मभर वाटाल. हे मला कळलं नसतं तर किती बरं झालं असतं. कळल्यावर जाता येत नाही, आणि त्याबद्दल माझा तुमच्यावर राग आहे.

तर मी नकुलला सांगितलं की सुचेताताई येतील. कस्तुरी तुम्हाला शनिवारी फोन करेल. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून मी तिला थांबवलंय. ती एकदाच विचारेल. ही मुलं एकदाच विचारतात, आपल्याला आता कळलं आहे. पहिल्या विचारण्याला हो म्हणा. पदर सावरू नका.

आणि नीट ऐका. भेटवस्तू एकही न्यायची नाही. उवांची फणी मी तुमच्यासाठी पिशवीत घालून ठेवते. मायराची नखं काढा, ती किंचाळेल, तरी काढा. ब्रोकोली खायला लावा. चुकली तर रागवा, पण आवाज चढवून, आर्जवं करून नाही. वीरला झोप आली की तो माणूस राहत नाही, त्याला खांद्यावर टाकून चालत राहायचं.

माझ्या पोटात दुखतंय ते दुखतंयच. ते काही पत्रानं थांबायचं नाही. लोभ असू द्या, तुम्हाला तो आता परवडेल.

आपली,
रेखा


ॲमस्टरडॅमजवळ, कॅरव्हॅनमधून, २९ मे

प्रिय रेखाताई,
स. न. वि. वि.

कस्तुरीनं फोनवर, आई तू, एवढंच म्हटलं आणि मी हो म्हणाले. ती घाबरली. मला बरं नाही का विचारू लागली.

इथे रोज पाऊस आहे आणि माझे बूट कामी आले. जावईबापूंनी कालव्यातल्या बोटीवर तोड काढली आहे. मोठ्या स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठाला फुकट फेरी जाते. आम्ही तिच्यातून पलीकडे जातो, पुऱ्या खातो आणि त्याच फेरीनं परत येतो. वीरला वाटतं हेच ॲमस्टरडॅम. तुमच्या पुऱ्या पहिल्या दोन दिवसांतच निम्म्या झाल्या. उरलेल्या मी कुलूपबंद केल्या आहेत.

तुम्ही सुखी व्हावं म्हणून सांगते, की पहिले तीन दिवस तुम्हीच इथे होतात. वेणी घातली तर आजीची वेणी घट्ट असते. वरण केलं तर आजीचं वरण पिवळं असतं. नखं काढताना किंचाळून सगळा कॅम्प गोळा केला, आणि आजी आधी साबणाच्या पाण्यात बोटं बुडवते, हे नंतर सांगितलं. तुम्ही मला हे मुद्दाम लिहिलं नव्हतंत का? मी तिला रागवायला गेले तर माझा आवाज फार्मसीतल्या खिडकीसारखा निघाला, पुढचा कोण आहे, तसा. ती मला सॉरी म्हणाली. सॉरी थँक यू, सॉरी थँक यू. मला रडू येत होतं.

काल कस्तुरी आणि नकुलराव म्युझियमला गेले. मी दोघांना घेऊन फेरीवर. वीर खांद्यावर. पलीकडच्या काठाला दार उघडलं आणि माणसं, सायकली, मोपेड सगळं एकदम बाहेर पडलं. मी मायराचा हात धरलेला होता, आणि मग नव्हता. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नुसते रेनकोट. मागे फेरीचं दार लागायला लागलं. ती आत राहिली की बाहेर आली, की पाण्याच्या बाजूला गेली, काही कळेना. तोंडातून तिचं नावसुद्धा निघेना.

तेवढ्यात हाक आली. आजी! मोठ्यांदा, रागानं, तुमच्या घरात जिन्यावरून मारते तशी. मी वीरला घेऊन धावले, या वयात, सायकलींमधून. ती एका लोखंडी खांबाला मिठी मारून उभी होती. मी तिचा दंड धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मायरावर ओरडले. मराठीत, इतक्या मोठ्यानं की दोन सायकलवाले थांबले. अक्कल आहे का, हात सोडलास का, पाण्यात पडली असतीस तर कुणाला तोंड दाखवलं असतं मी. ती रडली, नाक गळायला लागलं, मी ते माझ्या ओढणीनं पुसलं. मग हुंदके देत मलाच म्हणाली, की हात तूच सोडलास. खरं होतं ते. तिथेच आमचं भांडण झालं, चांगलं फेरी येऊन परत जाईपर्यंत. सॉरी कुणीच म्हणालं नाही. परत येताना तिनं माझी शेवटची पुरी न विचारता घेतली.

तिनं हाक तुम्हाला मारली की मला, ते मला माहीत नाही, रेखाताई. मी तिला विचारलं नाही आणि विचारणार नाही. ओ मी दिली.

सप्टेंबरात, शाळा सुरू झाल्या की, आपण दोघी बेल्जियममधल्या ब्रूजला जाऊ या का? तिथेही कालवे आहेत, आणि लंडनहून कोच बस जाते, स्वस्तात. बोटीत बसू. पैसे टाकून, कालव्याच्या मधोमध. मी एकदाच विचारते आहे.

आपली,
सुचेता


वॉटफर्ड, ६ जून

प्रिय सुचेताताई,
स. न. वि. वि.

मंडळी सुखरूप पोचली. मायराच्या केसांत उवा निघाल्या. फणी पिशवीत तशीच परत आली आहे, याची नोंद घेतली.

हाक मलाच होती. जिन्यावरून ती मलाच तशी ओरडते, तुम्ही स्वतःच लिहिलंत. पण मी इथे ओट्याशी उभी होते, आणि तुम्ही धावलात. ते वाचून मी खाली बसले आणि यांनी टीव्ही बंद केला. तुमचे उपकार झाले. हे एकदाच म्हणते.

काल शाळेतून आणताना मायरानं मला विचारलं, आजीचा फोन आला का? मी म्हटलं, कुठल्या आजीचा? तर माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच वेड्यासारखं विचारलं. आजीचा, म्हणाली. शेजारी मी चालतेय, बॅग माझ्या हातात, मोजे माझ्या पिशवीत, आणि ही मला विचारते आजीचा फोन आला का. गाव गळालं तुमचं. झालं ना मनासारखं? काल मी जेवले नाही. आज जेवले.

ब्रूजला येते. पहिल्याच विचारण्याला हो म्हणते आहे, हावरट म्हणा हवं तर. कोचमध्ये खिडकीची जागा माझी. ती तुम्ही तीनदा मागितलीत तरी द्यायची नाही.

आपली,
रेखा

ता. क. लाडू करते आहे. तुपातले. येऊन इथेच खा, म्हणजे बंदरावर कुणी काढून घेणार नाही.